ताकदीचा शॉट आणि आवळलेली मूठ

या भागात मी टेबलापाशी उभा राहून बोललो होतो. पुस्तकात टेबल दिसत नाही, म्हणून इथे थोडं जास्त सांगावं लागेल. ज्यांनी स्नूकर फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांनाही कळावं, असा प्रयत्न करतो.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. सिकंदराबादला मी ज्या क्लबात खेळतो, तिथल्या एका स्पर्धेची उपांत्य फेरी. शेवटची फ्रेम. टेबलावर तीन बॉल उरलेले: ब्ल्यू, पिंक, ब्लॅक. पाच, सहा, सात, एकूण अठरा गुण. मी बारांनी मागे, म्हणजे तिन्ही हवेत. ब्ल्यू आपल्या जागेवर, टेबलाच्या मधोमध. पांढरा बॉल बॉकच्या रेषेवर, डीच्या डावीकडे. ब्ल्यू सरळ उजव्या कोपऱ्याच्या वरच्या पॉकेटात जाणारा. पांढऱ्यापासून ब्ल्यू सुमारे चार फूट, ब्ल्यूपासून पॉकेट साडेसहा फूट. आणि पिंक खाली, ब्राऊनच्या जागेपाशी. त्यामुळे ब्ल्यू घालून पांढरा दोनेक फूट मागे खेचायचा होता. याला स्क्रू म्हणतात. लांबून खेळायचा म्हणजे ताकदीचा शॉट.

मी वाकलो, क्यू तीन-चार वेळा मागेपुढे केला आणि हाणला. ब्ल्यू पॉकेटापासून वीतभर लांब कुशनला आदळला. पांढरा मागे यायच्या ऐवजी पुढे चालता झाला. समोरचा इंजिनिअरिंगचा मुलगा उठला, तिन्ही बॉल घातले आणि माझ्याशी अत्यंत नम्रपणे हात मिळवला. नम्रपणाच जास्त लागला.

आमचे मार्कर तिथे तीसेक वर्षं गुण मांडतायत. त्यांनी बोर्ड शून्यावर आणता आणता माझ्याकडे न बघता सांगितलं, "साब, आप शॉट नै मारते. बॉल से लड़ते."

मी घरी येऊन हे मुलीला सांगितलं, थोडं तक्रारीच्या सुरात. ती म्हणाली, "बाबा, उद्या मी येते. मोबाइलवर शूट करू." मला खात्री होती की माझं डोकं हलत नाही. अडतीस वर्षं मी दुसऱ्यांना "डोकं हलवू नका" म्हणून सांगत आलोय. दुसऱ्या दिवशी तिने बाजूने एक आणि समोरून एक असे दहा-बारा शॉट टिपले आणि सावकाश गतीने दाखवले. हळू शॉटला मी पुतळ्यासारखा. ताकदीच्या शॉटला मात्र क्यू बॉलला लागायच्या आधीच उजवा खांदा पुढे येतो, कोपर खाली पडतं, हनुवटी क्यूवरून उठते, आणि मूठ अशी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. "बाबा, तुम्ही डोळेपण मिटता," ती म्हणाली. डोळे मिटतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.

आणि ते मिटलेले डोळे बघून मला सगळं उमगलं, कारण हा आजार मी फायरिंग रेंजवर शेकडो वेळा पाहिलेला आहे.

नवा जवान रायफल चालवायला शिकतो तेव्हा पहिल्या काही गोळ्यांनंतर त्याला माहीत झालेलं असतं की आता आवाज होणार, खांद्याला धक्का बसणार. मग गोळी सुटायच्या आधीच त्याचं शरीर धक्क्याची तयारी करतं. खांदा पुढे येतो, डोळे मिटतात, ट्रिगर दाबला न जाता झटकला जातो. गोळी लक्ष्याच्या खाली किंवा बाजूला. तुम्ही त्याला विचारा, "हललास का?" तो म्हणेल, "नहीं साब." तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळलेलं नसतं. उस्ताद मग मॅगझिनमध्ये मधेच एखादं ड्रिल राऊंड, म्हणजे बिनदारूचं नकली काडतूस, घालून ठेवतात. जवानाला ठाऊक नसतं ते कधी येणार. ट्रिगर ओढला, आवाज झालाच नाही, आणि तरी रायफलचं तोंड खाली गेलं, की तो स्वतःच बघतो. त्यानंतर त्याला काही समजावावं लागत नाही.

ताकदीच्या शॉटच्या जवळजवळ सगळ्या वाईट सवयी या एका गोष्टीतून निघतात. शरीर फटक्याच्या आधीच फटक्याची तयारी करतं. मनगट, खांदा, डोकं, ब्रिजचा हात असे दोष आपण वेगवेगळे मोजतो आणि एकेकावर उपाय शोधतो. मीही तेच करत होतो. पण "डोकं हलवायचं नाही" असं स्वतःला बजावून हे जात नाही, जसं "डोळे मिटू नकोस" म्हणून जवानाचं जात नाही.

यात आम्हा फौजी लोकांची आणखी एक अडचण आहे. रेंजवर उस्ताद जे तीन मंत्र घोकून घेतात, त्यातला पहिलाच "मजबूत पकड". मग दुरुस्त शिस्त, मग दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे इथे नेम. रायफलला ते बरोबरच आहे. पण तोच माणूस संध्याकाळी मेसमध्ये क्यू उचलतो आणि तीच मजबूत पकड घेऊन येतो. गंमत अशी की हा खेळ जन्मला फौजेच्या मेसमध्येच. १८७५ साली जबलपूरला डेव्हनशर रेजिमेंटच्या चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो सुरू केला, नंतर उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लागले. हे चेंबरलेन ब्रिटनचे पंतप्रधान नव्हेत, नाव तेवढं सारखं. 'स्नूकर' हा वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या पहिल्या वर्षाच्या कॅडेटांना लावायचा शब्द, म्हणजे नवशिका. मी तो शब्द बरीच वर्षं सार्थ केला.

आता ताकद लागते कशासाठी, ते आधी बघू. बॉल पॉकेटात घालायला ती लागत नाही. उलट जोरात आलेला बॉल पॉकेटाच्या ओठांना जरा लागला तरी बाहेर फेकला जातो. तोच बॉल हळू आला असता तर आत पडला असता. म्हणजे जोर वाढवला की पॉकेट जणू लहान होतं. ताकद लागते ती पांढऱ्या बॉलसाठी.

पांढऱ्याला मध्याच्या खाली मारलं की तो उलटा फिरत, पण पुढे घसरत निघतो. खालचं कापड त्या उलट्या फिरकीला सतत खात असतं. थोडं अंतर गेल्यावर फिरकी संपते आणि बॉल नुसता घसरतो. आणखी पुढे गेला की तो सरळ गडगडायला लागतो. समोरच्या बॉलवर आदळताना यातली जी अवस्था असेल, त्यावर पुढचं ठरतं. उलटी फिरकी शिल्लक असेल तर पांढरा मागे येईल, नुसता घसरत असेल तर जागच्या जागी थांबेल, गडगडत असेल तर पुढे जाईल. माझा पुढे गेला होता. चार फुटांत माझी फिरकी संपून वर गडगडायलाही लागली होती.

ती शिल्लक ठेवायचे दोन मार्ग आहेत. एक, बॉलला आणखी खाली मारणं. दोन, आणखी वेगाने मारणं. लोक दुसऱ्याच्या मागे धावतात, पण पहिला जवळजवळ फुकट मिळतो. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या सव्वासव्वीस. नीट चॉक लावलेली टिप साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे मध्यापासून सुमारे तेरा मिलिमीटर खाली, न निसटता पकडते. बॉलचा मध्य आणि कापड यांच्या बरोबर अर्ध्यावर. बहुतेक जण समजतात की आपण तिथे मारतोय. मीही समजत होतो.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. क्यू हा ब्रिजच्या हातावर टेकलेला सी-सॉ आहे. मागचा हात खाली गेला की टिप वर जाते. फटक्याच्या तयारीत खांदा दाबला, कोपर आधीच पडलं, की मागचा हात खाली जातो आणि टिप वर सरकून बॉलच्या मध्याजवळ लागते. स्क्रू होत नाही. खेळणारा म्हणतो, जोर कमी पडला. पुढच्या वेळी आणखी जोर लावतो, मूठ आणखी आवळतो, कोपर आणखी लवकर पडतं, टिप आणखी वर. असा तो वर्षानुवर्षं जोर वाढवत जातो आणि पांढरा पुढेच जात राहतो. मी या चक्रात अडतीस वर्षं होतो. त्याहून वाईट म्हणजे कित्येक तरुण अधिकाऱ्यांना मेसमध्ये मी "जोर लाव, जोर लाव" म्हणून शिकवलं. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर बाबांनो, ते विसरा.

नेमाचंही बघा. सहा फुटांवरच्या बॉलसाठी पांढऱ्याची दिशा अर्धा अंश चुकली तर तो तिथे पोचेपर्यंत सोळा मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. बॉलची त्रिज्याच सव्वीस मिलिमीटर, तेव्हा हा पॉट गेलाच. शिवाय टिप दोन-तीन मिलिमीटर उजवीकडे-डावीकडे लागली की नको असलेला साइड येतो, आणि जोराच्या शॉटला तो साइड पांढऱ्याला सुरुवातीलाच रेषेबाहेर ढकलतो. नेम चुकला नव्हता, तरी बॉल चुकला, असं ज्यांना वाटतं त्यांचं पुष्कळदा हेच झालेलं असतं.

आता मूठ. घरी बसल्या बसल्या करून बघा. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि कोपर स्थिर ठेवून पुढचा हात झपकन हलवा. आता बोटं सैल सोडून हलवा. कुठला हात वेगाने गेला? आवळलेल्या मुठीत हाताचे पुढचे आणि मागचे स्नायू दोन्ही ताठ होतात आणि एकमेकांना अडवतात. ताकद म्हणून आपण जे करतो तो ब्रेक असतो. क्यू पकडायचा असतो तो पडणार नाही इतपतच, अंगठा आणि पहिली दोन बोटं. क्यू मागे जाताना मागची दोन बोटं उघडतात आणि पुढे येताना आपोआप मिटतात. ती उघडली नाहीत तर हात मागे जाताना क्यूचा पार्श्वभाग वर उचलला जातो, आणि पुढे येताना तो कुठून येईल याचा नेम नाही.

माझी मूठ उघडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. शेवटी मार्करसाहेबांनीच उपाय काढला. त्यांनी टेबलावरचा चॉकचा चौकोनी तुकडा माझ्या करंगळी आणि तळव्याच्या मध्ये ठेवला आणि म्हणाले, क्यू मागे नेला की हा पडायला पाहिजे. पहिल्या दिवशी पडलाच नाही, निळा भुगा होऊन हाताला लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी पडायला लागला.

दुसरी गोष्ट थांबण्याची. क्यू पूर्ण मागे गेल्यावर पुढे येण्याआधी एक क्षण थांबायचं असतं. घाईत मागे ओढलेला क्यू तितक्याच घाईत पुढे झेपावतो, आणि ती झेप म्हणजे झटकलेला ट्रिगर. मागे सावकाश, क्षणभर थांबून, मग पुढे वाढत्या वेगाने. सगळा वेग बॉलपाशी, सुरुवातीला नाही. टिप आणि बॉल यांचा संपर्क जेमतेम हजाराव्या भागाइतका, म्हणजे एक-दोन मिलिसेकंद टिकतो. नंतर क्यू पुढे गेला काय, न गेला काय, बॉलला फरक पडत नाही. तरी फॉलो-थ्रू बघायचा, कारण तो पुरावा असतो. क्यू रेषेतून भरकटून थांबला असेल तर तो बॉलला लागतानाही भरकटलेलाच होता. बॉलला लागताच आखडला असेल तर आपण आधीच ब्रेक लावला होता.

थांबण्यासाठी मी रेंजवरचं नकली काडतूस टेबलावर आणलं. मुलगी बाजूला उभी राहायची. मी क्यू मागे नेला की ती "मार" किंवा "थांब" म्हणायची, मनाला येईल तसं. "थांब" म्हटलं की तिथेच थिजायचं. पहिल्या दिवशी दहा "थांब" पैकी आठ वेळा मी मारून मोकळा. म्हणजे मी थांबत नव्हतोच, माझं शरीर निकाल आधीच लावून बसलं होतं. दोन आठवड्यांनी दहापैकी एखाद्याच वेळी चुकायला लागलो. कोणी जोडीला असेल तर हा सराव जरूर करा. कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, तेव्हा दोष असेल तर माझा.

पण हे सगळं ताकदीच्या शॉटवर करायचं नाही. इथे बहुतेकांची चूक होते. जी सवय जोरात उमटते, ती जोरातच सुधारायला गेलात तर जुनीच पक्की होते. हळू शॉटला तुम्ही नीट खेळताच, मीही पुतळ्यासारखा होतो. तिथून वर चढायचं. मी पहिले दहा दिवस बॉल घातलाच नाही. नुसता पांढरा ब्राऊनच्या जागेवर ठेवायचा आणि ब्ल्यू, पिंक, ब्लॅकच्या जागांवरून सरळ वरच्या कुशनला मारून परत टिपवर आणायचा. आधी जेमतेम परत येईल इतक्या जोरात. मग टेबलाच्या दोन फेऱ्या होतील इतक्या. उजवीकडे सरकून परत आला तर उजवा साइड लागला, हे टेबलच सांगतं. माझा पहिल्या वेगाला सरळ येई, दुसऱ्या वेगाला हातभर उजवीकडे. जिथून बिघडायला लागतं तो तुमचा खरा वेग. त्याच्या थोडं आत राहून सराव करायचा, आणि वाकडं येणं थांबलं की पाऊल पुढे.

मग कोपऱ्याच्या पॉकेटाशी सरळ रेषेत एक रेड, पांढरा त्यापासून दोन फूट. खाली मारून फूटभर मागे आणायचा. दहात आठ वेळा जमल्याशिवाय अंतर वाढवायचं नाही. मग तीन फूट, मग चार. टिप खाली नेताना क्यूचं मागचं टोक उचलू नका. ब्रिजचा हात सपाट करा, अंगठ्याचं पेर खाली आणा, म्हणजे क्यू आडवाच राहतो. ब्रिजची बोटं कापडावर पसरून दाबा. जोराच्या वेळी हाच हात गुपचूप उचलला जातो, आणि टेकूच हलला तर वरचं सगळं व्यर्थ. प्रत्येक शॉटला चॉक. आणि रेड पॉकेटात पडून वर दोन आकडे मोजेपर्यंत हनुवटी क्यूवर. ही शेवटची गोष्ट मला शिक्षेसारखी वाटायची. मारल्यावर कुठे गेला हे उठून बघायची घाई असते ना, तीच घाई शॉटच्या आत शिरलेली असते.

मला हमखास विचारतात की अॅलेक्स हिगिन्स तर शॉट मारताना अख्खा उडायचा, तरी १९७२ आणि १९८२ मध्ये जगज्जेता झाला, त्याचं काय? खरं आहे, उडायचा. तो हिगिन्स होता. पंकज अडवाणींचा कुठलाही सामना लावा आणि बॉलकडे न बघता त्यांच्या हनुवटीकडे आणि मागच्या हाताकडे बघा. साधारण माणसाने कोणाचं बघावं ते मग ठरवा. आणखी एक, टीव्हीवरचं टेबल आपल्या क्लबातलं नसतं. तिथलं कापड नवं, बारीक, आणि टेबलाची पाटी खालून गरम ठेवलेली. पांढरा कापडावर लोण्यासारखा जातो. आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरलेल्या जुन्या कापडावर तोच शॉट खेळायला गेलात तर निम्म्यात अडकणार, आणि मग मूठ आवळली जाणार. जुलै-ऑगस्टमध्ये लांबचे स्क्रू कमी खेळा. लाज वाटायचं कारण नाही. अर्धा फूट कमी मागे आला तर पुढचा पॉट थोडा अवघड होतो, एवढंच.

वयाचं विचाराल, तर पासष्टाव्या वर्षी सवय बदलते, पण जुनी जात नाही. ती शेजारच्या खोलीत बसलेली असते. सरावात मी आता चार फुटांवरून दोन फूट मागे आणतो, दहात सहा-सात वेळा. सामन्यात, कोणी बघत असलं की, अजून चार-पाच वेळाच. अशा वेळी मी एक करतो. क्यूवरून उठतो, डावीकडून टेबलाला एक चक्कर मारतो, मूठ उघडून बोटं झटकतो आणि पुन्हा वाकतो. तरीही मूठ आवळलेली वाटली तर तो शॉट खेळतच नाही, सेफ्टी खेळतो. खांद्याचं दुखणं मात्र बरंच कमी झालंय. ते मी इतकी वर्षं वयावर ढकलत होतो.

परवा तोच इंजिनिअरिंगचा मुलगा पुन्हा समोर होता. फ्रेम त्यानेच जिंकली. पण मधे एक ब्ल्यू होता, जवळपास तसाच, बॉकच्या रेषेवरून. पॉकेटच्या मधोमध पडला, पांढरा दीड फूट मागे आला. दोन फूट हवा होता. मार्करसाहेबांनी पाच गुण मांडले, काही बोलले नाहीत.

पुढच्या भागात रेस्ट वापरून मारायच्या शॉटबद्दल बोलू. त्याचीही एक मूठ असते.